अव्वाच्या खोलीची मापं

१० × ११ फूट

सोलापुरात होटगी रोडच्या प्लॉटवर नवं घर बांधायचं. तळमजल्यावर मागच्या बाजूला सुंदरम्मांची खोली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात. जिना चढणं होणार नाही. त्यांचे थोरले चिरंजीव गुरुशांत पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "मॅडम, बाकी काहीही करा, अव्वाला खाली खोली पाहिजे."

मी नकाशा काढला आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाकला. लिंक दाबली की नकाशा दिसतो. भिंत बोटानं ओढली की सरकते. कुणी सरकवली तेही नोंदलेलं राहतं.

"सगळ्यांना द्या लिंक," गुरुशांत म्हणाले. "आमच्यात एकमतानंच होतं."

दिली. बदलायच्या परवानगीसकट. गुरुशांत, त्यांची बायको महेश्वरी, पुण्यातला धाकटा भाऊ प्रभुलिंग.

सुंदरम्मांकडे साधा फोन आहे.

१० × १०½

गुरुशांत: मॅडम, पार्किंग सहा इंच वाढवलंय. नवी गाडी जरा लांब आहे. चालेल ना?

चालेल, मी लिहिलं. विस्कटलेल्या रेघा जुळवल्या. 'मान्य' दाबलं.

९ × १०½

महेश्वरी: ताई, स्वयंपाकघराला लागून कोठी घेतली थोडी. कडक भाकरीचे डबे कुठं ठेवू? अव्वा काय, पलंगावरच असतात की.

मान्य.

९ × ९

प्रभुलिंग: जिना अरुंद आहे. माझा सोफा वर कसा जाणार?

गुरुशांत: वर्षातनं दोनदा येतोस. सोफ्यावर बसायला?

प्रभुलिंग: दादा, तुझी गाडी तरी रोज कुठं हलते?

जिना दीड फुटानं रुंद झाला. मान्य.

८ × ९, ८ × ८, ७½ × ८

आता कुणी विचारतही नव्हतं. स्क्रीनवर नावाचे रंगीत बाण यायचे, भिंतीला जरासं ढकलायचे, जायचे. खोली कुणीच काढली नाही. तसं काढून टाकणं त्या घरात कुणाला जमलंच नसतं. पण पार्किंगला हात लावला की भांडण, जिन्याला लावला की भांडण. या एका भिंतीपलीकडून कमेंट येत नव्हती.

माझ्याकडे त्या आठवड्यात आणखी चार नकाशे होते. मी रेघा जुळवत, 'मान्य' दाबत गेले.

७ × ७½

बुधवारी सकाळी आखणी. रावजी मिस्त्री फोनमध्ये बघून जमिनीवर चुन्याची फक्की टाकत होते. मागच्या कोपऱ्यात आले आणि थांबले.

"म्याडम, ही खोली हाय का कपाट?"

"नकाशात तेवढीच आहे."

"नकाशाचं ऱ्हाऊ द्या वो. हितं या, बगा."

रावजींची एक पद्धत आहे. आखणी झाली की ज्याची खोली त्याला रेघांच्या आत उभं करायचं. मगच कुदळ. दाराच्या जागी ते चुना टाकत नाहीत, आणि तिथूनच आत जायला लावतात.

सुंदरम्मा रिक्षातून उतरल्या. वॉकर टेकत दारातून आत गेल्या. रावजींनी पलंगाच्या मापानं चार विटा मांडल्या होत्या. त्यांच्यापर्यंत गेल्या, आणि वळायला गेल्या तर वॉकरचा मागचा पाय रेघेवर पडला. चुना पुसला. दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. तिकडची रेघही पुसली.

"माझ्यानं पुसलं की रे," त्या ओशाळून म्हणाल्या. मग कानडीत, "साकु, साकु," आणि आमच्यासाठी पुन्हा मराठीत, "पुरे मला एवढी. निजायला तर लागती." आणि तोंड न वळवता, एकेक पाऊल मागं टाकत बाहेर आल्या.

"कुठली रेघ मागं घेऊ?" रावजींनी विचारलं. "सांगा की कुनीतरी."

गुरुशांतनी महेश्वरीकडे बघितलं. महेश्वरीनं हातातल्या फोनकडे, व्हिडिओ कॉलवरच्या प्रभुलिंगकडे. तो हलत नव्हता. नेट अडकलं होतं, की तोच गप्प होता, कळेना.

मी बदलांची यादी उघडली. एकेक नाव वाचून दाखवावं असं मनात होतं. पण नावं बदलत होती, आणि प्रत्येकाखालची ओळ तीच होती. मान्य: ऋतुजा. माझंच नाव, अकरा वेळा.

वाचलं नाही. खाली खाली जात पहिल्या नकाशापर्यंत पोचले.

१० × ११

तो परत आणला. तिघांची बदलायची परवानगी काढून घेतली.

"मॅडम, गाडी?" गुरुशांत म्हणाले.

"बाहेर लावा."

"सोलापूरच्या उन्हात?"

"कव्हर घाला की, मालक," रावजी म्हणाले आणि पायानं चुना विस्कटू लागले.

नव्या रेघांत सुंदरम्मा पुन्हा आत गेल्या. विटांपर्यंत. वॉकर उचलला, थोडा फिरवला, टेकला. पुन्हा उचलला. शेवटी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि खाली चुन्याकडे बघत राहिल्या. सगळा जागेवर होता.

"रावजी, आधी ह्याच खोलीचा पाया खणा," मी म्हणाले.

"आत्ता? पुढनं सुरू करतो की आमी."

"आत्ता."

पर्समध्ये फोन थरथरला. प्रभुलिंगनं बदलायची परवानगी मागितली होती. मी फोन तसाच ठेवला आणि पहिली कुदळ पडेपर्यंत उन्हात उभी राहिले.