बायकांचं पिस्तूल

"मला मोठं पिस्तूल बघायचंय," अर्डिथ म्हणाली, आणि म्हणता म्हणता दुकानात दुसरं कोणी ऐकत नाही ना, हेही तिने बघून घेतलं. साठी ओलांडलेली बाई, पण तोंड असं की जणू बापाला चोरून सिगारेट मागायला आलीये.

काउंटरमागे ट्वायला होती. आधी शेरिफच्या कचेरीत होती, आता हे दुकान आणि त्याच्या मागची गोळीबाराची लेन चालवते. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "मोठं म्हणजे? घरात ठेवायला?"

"नाही गं. क्लबवर न्यायला. पुऱ्या मापाचं, दर शनिवारी चालवता येईल असं." मग अर्डिथचा आवाज खाली आला. "हार्लनची मॅच आहे ना."

कॉपर रन गावच्या नेमबाजी क्लबची ही जुनी रीत. सभासद गेला की पुढच्या वसंतात त्याच्या नावाने मॅच भरते. पहिल्या मॅगझिनभर गोळ्या त्याच्या घरच्याने झाडायच्या, समोर उभ्या केलेल्या पाच लोखंडी ताटल्यांवर. तोवर दुसऱ्या कोणी आपल्या पिस्तुलात काडतूस घालायचं नाही. मग जेवण, आणि शेवटी गेलेल्याच्या एखाद्या वस्तूची सोडत. हार्लन गेला तो पानगळीच्या दिवसांत. अंगणात गाडीचे टायर बदलत होता, तिथेच बसला तो उठलाच नाही. मुलगा ओक्लाहोमाहून आला, बापाचं पिस्तूल घेऊन गेला. "तुला काय करायचंय गं आई त्याचं?" म्हणाला. मॅचला यायला मात्र त्याला सवड नव्हती. म्हणजे उरली अर्डिथ. आणि अर्डिथचा हात कसा चालतो ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मिचमिची! हे तिचं नाव खुद्द हार्लननेच ठेवलेलं. मुलगा शाळेत रमला त्या वर्षी ती नवऱ्याला म्हणाली होती, मलाही ने की शनिवारी, दिवसभर मी एकटी काय करू? हार्लन लगेच हो म्हणाला. वाढदिवसाला त्याने तिला तळहातात मावेल एवढं पिस्तूल आणून दिलं. "बायकांचं पिस्तूल आहे. पर्समध्ये बसेल, शोभेलही." पहिल्याच शनिवारी त्या नखरेल वस्तूने तिच्या अंगठ्याजवळची कातडी सोलून काढली. दुसऱ्या शनिवारी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. गोळ्या गेल्या मातीत, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. तिसऱ्या शनिवारी ती गाडीतच बसून राहिली. त्यानंतर गेलीच नाही.

हार्लन एका शब्दानेही रागावला नाही. "जाऊ दे गं, सगळ्यांना नाही जमत," एवढंच म्हणाला. केवढा समजूतदार माणूस, असं तिला वाटलं. पुढे सगळा जन्म दर शनिवारी ती त्याला सँडविच बांधून द्यायची आणि दारात उभं राहून मनाला लावून घ्यायची, की ह्याने आपल्याला सोबत घेतलं होतं आणि आपणच ह्याला एकटं सोडलं. आता एकदाच, फक्त एकदा, त्याच्या नावाच्या त्या पाच ताटल्या तिला पाडायच्या होत्या. सगळ्यांसमोर, डोळे उघडे ठेवून.

"आधी कशावर शिकलीस?" ट्वायलाने विचारलं.

अर्डिथने पर्समधून ते छोटं काढून दिलं. ट्वायलाने ते रिकामं असल्याची खात्री केली, उलटसुलट करून पाहिलं आणि काउंटरवर ठेवलं. "ह्याच्यावर? आणि काडतुसं कुठली वापरलीस?"

"हार्लनच भरून द्यायचा. तळघरात बनवायचा ना तो स्वतःची."

ट्वायला काही तरी बोलणार होती, पण तिने ते गिळलं. "हे बघ," ती म्हणाली, "लहान आणि हलकं असलं की बाईमाणसाला सोपं, असं इथे येणारा प्रत्येक बाप्या मला ऐकवतो. सगळं उलटं असतं बाई. हलक्या पिस्तुलाचा झटका तुझं मनगट खातं. जड असलं की तो झटका पिस्तूलच खातं. शिकायला, रोज चालवायला मोठंच हवं. हे असलं खिशात पडून राहायला ठीक."

मग तिने कापड पसरलं आणि एकापाठोपाठ एक तीन मोठी पिस्तुलं काढली. पहिल्याची मूठ इतकी जाडजूड की अर्डिथचं बोट चापापर्यंत जेमतेम टेकलं. "हे राहू दे. बोट ताणून चाप ओढलास तर नेम बाजूला जाणार." दुसरं हातात छान बसलं, पण त्याची वरची स्लाइड मागे खेचताना अर्डिथचे दात एकमेकांवर आवळले गेले. "संधिवात आहे?" ट्वायलाने विचारलं. "थंडीत असतो," अर्डिथ म्हणाली. तेही बाजूला गेलं. तिसरं पोलादी होतं, लांब नळीचं. स्लाइड लोण्यातून सुरी जावी तशी मागे आली. नेम धरायची पुढची माशी ठळक, चष्म्याशिवायही दिसेल अशी.

"अगं, पण किती जड आहे हे!"

"जडच हवं. कमरेला बांधून कुठे लग्नाला जायचंय तुला? आणि काडतूसही मऊ, कमी झटक्याचं घे, नऊ एमेमचं. चल मागे."

लेनमध्ये ट्वायलाने मॅगझिन स्वतः भरलं, आणि त्यात मधूनमधून नकली काडतुसं घातली. कुठे घातली ते सांगितलं नाही. नेमबाज घाबरत असेल तर नकली काडतूस आलं की त्याची चोरी पकडली जाते. आवाज होत नाही, पण नळी मात्र खाली मान घालते. अर्डिथने श्वास सोडला, चाप ओढला. धाड! पिस्तूल हातात जरासं उसळलं आणि परत जागेवर आलं. बस, एवढंच? पुन्हा धाड. मग नुसतं टक्. नकली काडतूस आलं होतं, आणि नळी जागची हलली नव्हती.

"डोळे उघडे होते माझे!" अर्डिथ ओरडली. कानांवर आवाज अडवणारे मफ होते, त्यामुळे जरा जास्तच जोरात ओरडली.

निशाणाचा कागद ओढून आणला. सगळी भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती. अर्डिथ आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. "बिचारा हार्लन! त्यालाही हे ठाऊक नसणार गं. कोणी सांगितलं असतं तर किती शनिवार आम्ही बरोबर गेलो असतो."

ट्वायला पिस्तूल पुसत होती. जे पुसून झालं होतं तेच परत पुसत होती. "मॅचच्या दिवशी ते छोटं घेऊन ये," शेवटी ती म्हणाली. "विकून टाकू." ह्यापुढे एक अक्षर बोलेल तर शपथ! गावातल्या लोकांची हीच तर खोड आहे. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, आणि ज्याचं त्याला तेवढं कोणी सांगत नाही.

मॅचपर्यंत अर्डिथ रोज ट्वायलाच्या लेनवर गेली. क्लबवर फिरकलीच नाही, सगळ्यांना थक्क करायचं होतं ना. येताजाता हार्लनच्या ट्रकमध्ये ती त्याच्याशी बोलायची. "बघच तू आता. मिचमिची म्हणतोस काय!"

मॅचच्या सकाळी क्लबची शेड भरून गेली होती. एका बाजूला बायका राजम्याच्या चिलीची पातेली आणि मक्याचा पाव मांडत होत्या, दुसऱ्या बाजूला पुरुष डोनट खात उभे होते. दरवर्षी असंच. डेल्बर्ट, क्लबचा अध्यक्ष आणि हार्लनचा जिवाभावाचा दोस्त, कॉफी घेऊन तिच्याकडे आला. तिने पिस्तुलाची पेटी उघडली तसे त्याचे डोळे विस्फारले.

"अरे वा! हे कोणी दिलं तुला?"

"कोणी कशाला देईल? मी निवडलं."

डेल्बर्ट हसायला लागला. पोट धरधरून हसला लेकाचा. "हार्लन वर कपाळ बडवून घेत असेल! एवढी खटपट करून तुला घरी बसवलं, आणि तू बघ काय घेऊन आलीस!"

"कसली खटपट?"

"ते छोटं गं! तो आम्हाला म्हणाला, हिला नाही म्हणालो तर तोंड फुगवून बसेल. त्यापेक्षा बायकांचं पिस्तूल देतो, आत जाम झटका देणारी कडक काडतुसं भरतो, महिन्याभरात आपणहूनच घरी बसेल. मी पैज लावली होती, अर्डी उन्हाळाभर टिकेल म्हणून. हरलो ना! बियरचा अख्खा खोका गेला माझा."

अर्डिथने कॉफी खाली ठेवली. "त्याला... ठाऊक होतं?"

"आता बोल! अगं, नव्या लोकांना शिकवायचा कोण? तोच ना. पहिला धडाच त्याचा, नवशिक्याच्या हातात जड पिस्तूल द्या म्हणून." मग तिचा चेहरा पाहून तो जरा वरमला. "वाईट नको वाटून घेऊस. जीव होता त्याचा तुझ्यावर. पण पुरुषाला एक दिवस तरी आपला लागतो की नाही?"

जीव होता! अर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बांधून दिलेली सँडविचं, ते दारात उभं राहणं, ते 'सगळ्यांना नाही जमत'. हा माणूस तिची समजूत काढत नव्हता, मनातल्या मनात पैज जिंकत होता. आणि मागच्या बाकांवरचे सगळे त्यात सामील होते. तिला वाटलं, आत्ता घरी जावं आणि त्याची कॉलर धरून विचारावं. पण कोणाची कॉलर धरणार? टेकडीवरच्या कबरीच्या दगडावर नाव कोरून मोकळा झाला होता तो.

शिट्टी वाजली. सगळे रेषेच्या मागे झाले. डेल्बर्टने टोपी काढून हार्लनचं नाव घेतलं आणि अर्डिथला पुढे यायची खूण केली. मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "मिचमिची आली रे," आणि दोघंतिघं गालातल्या गालात हसले.

तिने पिस्तूल उचललं. पहिली ताटली पडली. मग दुसरी, तिसरी. तिचे डोळे सताड उघडे होते, त्यांतून पाणी येत होतं तरी उघडे होते. चौथी पडली, पाचवीही. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने पिस्तूल रिकामं केलं, रिकामं असल्याचं दाखवलं, टेबलावर ठेवलं. ज्या क्षणासाठी एवढा जीव टाकला होता तो येऊन गेला, आणि तिला थुंकावंसं वाटत होतं.

जेवण झालं. सोडतीची वेळ आली. हार्लनची टोपी मिळणार, असं सगळे धरून चालले होते, आणि तिने आणलीही होती. टोपी ट्रकमध्येच राहिली. अर्डिथने पर्स उघडली आणि ते छोटं पिस्तूल, मॅगझिन काढून, स्लाइड उघडी ठेवून, टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे हार्लनने स्वतः निवडलेलं आहे," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. "कागदपत्रं ट्वायला बघेल. कोणाला बायको शनिवारी घरी बसायला हवी असेल त्याने चिठ्ठी घ्यावी. फार चालवावं लागत नाही. तीन शनिवारांत काम होतं."

 पुरुष आपापल्या बुटांकडे बघत राहिले. टोपलीतल्या चिठ्ठीला कोणी हात लावेना. ट्वायलाने तर भिंतीकडेच तोंड केलं होतं.

तेवढ्यात चिलीच्या पातेल्यामागून ओरा बाहेर आली. ओरा म्हणजे डेल्बर्टची बायको. गेली कित्येक वर्षं ह्या शेडमध्ये ती फक्त वाढायलाच येत होती. हातात पळी तशीच, तिच्यातून चिली टपटप खाली गळतेय. तिने टेबलाजवळ येऊन त्या पिस्तुलाकडे निरखून पाहिलं.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "माझ्या कपाटात आहे ते असलंच आहे ना रे?"

डेल्बर्टचा चेहरा पांढरा पडला. त्याने डोनट खाली ठेवला, टोपी उचलली, परत ठेवली.

"बोल की. सगळ्यांसमोर विचारतेय मी."

अर्डिथने आपल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून खिशात घातल्या आणि मोठं पिस्तूल पेटीत बंद केलं. मागे डेल्बर्ट काही तरी पुटपुटत होता, आणि ओराचा आवाज चढत चालला होता. अर्डिथ ट्रकमध्ये बसली, तरी तो ऐकू येत होता. तिने काच वर केली नाही. ऐकत राहिली. ओराला निदान विचारायला नवरा होता.