सहा बोटांचा लांडगा

मित्रांनो, अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर माझ्याइतका भयंकर लांडगा दुसरा झाला नाही. मला बघून रेवदंड्यापासून मुरूडपर्यंतच्या पोरांच्या चड्ड्या ओल्या झाल्यात. हे मी म्हणत नाही, त्यांच्या आया सांगायच्या.

आत्ता हे सांगतोय तेव्हा माझ्या डोक्यावर एक कावळा बसलाय. दुसरा माझ्या कानातला काथ्या उपसतोय, त्याला घरटं करायचंय. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

मी खरा लांडगा नाही, हे तुम्हाला कळलं असेलच. मी एका जुन्या पिक्चरमधल्या लांडग्याचं सोंग आहे. पौर्णिमा आली की एका माणसाचा लांडगा होतो, गावात धुमाकूळ घालतो आणि शेवटी मरतो, असा तो पिक्चर. मुंडकं, अंग, पंजे, शेपूट, सगळं होतं माझ्यात. आता मी काशीदच्या पुढच्या एका कोळीवाड्यात, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीवर टांगलेला असतो. कावळ्यांनी घाबरावं म्हणून. ते घाबरतात किती, ते वर सांगितलंच.

माझा जन्म चौलचा. तिथले दत्तात्रेय नाटकांना मुखवटे, गदा, मुकुट असलं सामान पुरवायचे. निर्माता घाईत आला आणि म्हणाला, लांडगा पाहिजे, परवा पाहिजे. दत्तात्रेयांकडे बालनाट्यातलं एक अस्वल धूळ खात पडलं होतं. त्यांनी कागदाच्या लगद्याने त्याचं नाक लांबवलं, कान टोकदार केले, मागे काथ्याची शेपूट शिवली आणि दोन पावलं मागं सरून बायकोला विचारलं, "लांडगा वाटतो ना?"

ती म्हणाली, "अस्वल आजारी आहे का हो?"

हा विषय मला आवडत नाही. परत काढणार नाही.

शूटिंग आमच्याच किनाऱ्यावर झालं. मुंबईच्या नटाने एकदा मला अंगात घातलं आणि उन्हात चक्कर येऊन पडला. मग वाळूत पळू शकेल असा माणूस शोधला, तो सदा. तेव्हा तो तरणाताठा होता, नवीन लग्न झालेलं, होडीवर जायचा. रात्रीचे सगळे सीन भर दुपारी घेतले, कॅमेऱ्यावर काळी काच लावून. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे सदाच्या बायकोची, केसरची, परात. तिला ती संध्याकाळी भाकऱ्या थापायला परत लागायची, म्हणून आमच्या पिक्चरात चंद्र लवकर मावळतो.

सदाच्या डाव्या पायाला जन्मापासून सहा बोटं. शेवटच्या सीनला मी, म्हणजे आम्ही दोघं, ओल्या वाळूतून धावत होतो आणि डावा पंजा चिखलात रुतून निघून गेला. सदा थांबला नाही. निर्माताही थांबला नाही, कारण फिल्म संपत आली होती. पिक्चरमध्ये ते तसंच राहिलं: लांडगा धावतोय, आणि एक पाय माणसाचा, सहा बोटांचा.

पिक्चर धो धो चालला. पण शेवटी नावांची पाटी आली, त्यात सदाचं नाव नव्हतं. हिरोचं होतं, घोड्याच्या मालकाचं होतं. पुढे लिहिलं होतं, 'लांडगा: लांडगा.'

कोळीवाड्यात कोणी सदावर विश्वास ठेवला नाही. "तू व्हतास? त्यो तर जनावर व्हता!" असं म्हणायचे. पुढे टीव्ही आला, पिक्चर टीव्हीवर लागायला लागला, तेव्हा सदा त्या सीनला उठून उभा राहायचा, आपला डावा पाय टीव्हीशेजारी धरायचा आणि ओरडायचा, "बगा! मोजा! ही बोटं मनाच हायत का दुसऱ्या कोनाला?" तेवढ्यात सीन निघून जायचा. तरी दोन-चार लोक मान डोलवायचे. त्या बोटावर सदा चाळीस वर्षं जगला, मित्रांनो.

निर्माता मला इथेच टाकून गेला होता. सदाने मला खुंटीला लावलं. पोरं झाली, तशी खुंटी लागायला लागली. मग केसरने मला उचलून वलांडीवर टांगलं. त्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही. तो मीच आहे आता.

आणि गेल्या वर्षी ऋत्विक आला.

हा मुंबईचा दिग्दर्शक, काळा टी-शर्ट, डोळ्यावर गॉगल, गॉगलवर आणखी एक गॉगल. तो म्हणाला, लहानपणी हा पिक्चर बघून मी पलंगाखाली झोपायचो, आता मी तो नव्याने बनवणार. सदाला मिठीच मारली त्याने. "काका, जगाला कळलंच पाहिजे की लांडगा तुम्ही होता. शेवटच्या सीनला लांडगा मरतो आणि त्याचा परत माणूस होतो ना? तो चेहरा तुमचा. क्लोजअप!"

सदा म्हणाला, "नाव पन येनार?"

"नाव काय काका, चेहरा येणार!"

सदा त्याच दिवशी जाऊन केस कापून आला. केसर म्हणाली, "आता तरी मानसात दिसशीला."

मला मात्र ऋत्विकने एकदा बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "हे अस्वल कोणाचं?"

त्याचा लांडगा परदेशातून आला होता. रबराचं कातडं, त्यावर एकेक केस सुईने रोवलेला, ओठ रिमोटवर हलायचे. गाडीतून त्याला दोघांनी नवरदेवासारखं उतरवलं. पहिल्याच दिवशी लाट आली आणि तो गळ्यापर्यंत भिजला. ऋत्विकची असिस्टंट मृणाल, पोरगी गुणी पण बिचारी झोपेविना अर्धी झालेली, ती त्याला घेऊन केसरकडे आली.

"मावशी, तुमच्याकडे ऊन छान येतं. हे जरा वाळवून द्याल? जिवापाड जपा हं, खराब व्हायला नको."

"ठेव गो बाय. माज्याकरं कदी काय खराब झालंय?"

आता मित्रांनो, केसरच्या हाताखालून आयुष्यभर टनावारी मासळी गेलेली. जाड अंगाचं ओलं काही हातात आलं की ते नासू नये म्हणून काय करायचं, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. तिने कोयती घेतली. लांडगा हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटातून चिरला, दोन्ही बाजू फाकवल्या, आतून बाहेरून खडेमीठ चोळलं आणि माझ्या शेजारी उलटा टांगला. ओठ हलवणारं मशीन तिने पोटातली घाण म्हणून काढून टाकलं. सकाळपर्यंत सुकून त्याची खारवलेली सुरमई झाली होती. कावळ्यांनी डोळे आधी नेले.

मृणाल बघून जी बसली ती उठेचना. "मावशी, हे काय केलंत?"

"चिरल्याबिगर आतून सुकत न्हाय गो," केसर शांतपणे म्हणाली. "आता वरीसभर ठेव, काय व्हनार न्हाय त्याला."

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

दुसरा लांडगा यायला महिना लागणार होता आणि हिरो आठवड्यात निघून जाणार होता. ऋत्विकने दोन्ही गॉगल काढले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हेच घ्या. बाकीचं कॉम्प्युटरवर करू."

एवढ्या वर्षांनी सदा माझ्या आत शिरला. गुडघे वाजत होते त्याचे, पण पाठीचा बाक कसा घ्यायचा ते विसरला नव्हता. माझ्या अंगभर हिरवे ठिपके चिकटवले. मला वाटलं, दागिने असतील.

"ॲक्शन!" म्हटल्यावर आम्ही धावलो. मागे बघितलं तर कोळीवाड्यातली सगळी मांजरं धावत येत होती. इतकी वर्षं बोंबलात मुरलेला मी, त्यांना दुसरं काय कळणार? हिरॉइनला किंचाळायचं होतं, तिने नाक दाबलं. हिरो माझ्यावर बंदूक रोखून उभा राहिला आणि एक बोका माझ्या मांडीवर चढून शेपूट चाटायला लागला.

"चालेल," ऋत्विक म्हणाला, "मांजरं नंतर पुसू."

मग शेवटचा सीन. सदाने माझं मुंडकं उतरवलं. घामाने डबडबलेला, दाढीच्या पांढऱ्या खुंटांचा चेहरा, आणि डोळ्यांत पाणी. ते त्याला कोणी करायला सांगितलं नव्हतं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. सदा घरी येऊन केसरला म्हणाला, "झाला. आता कोन इचारनार न्हाय, लांडगा कोन व्हता म्हनून."

पिक्चर आला तो मोबाईलवर आणि टीव्हीवर. रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सगळा कोळीवाडा जमला. मंडळाचा अध्यक्ष गणराज, त्याने मोठ्या टीव्हीवर लावून दिला. सदाने धुतलेला शर्ट घातला होता. मलाही खिडकीबाहेर टेकवून ठेवलं होतं, वासामुळे आत घेतलं नाही.

लांडगा आला. चकचकीत, हत्तीएवढा, तोंडातून वाफ. तो मी नव्हतो. धावणं आमचं होतं, कातडं कॉम्प्युटरचं. मांजरं पुसली होती. माझे ठिपके पुसले होते. मग लांडगा मेला, हळूहळू त्याचा माणूस झाला, आणि तो माणूस हिरो निघाला. दाढी पांढरी केलेला हिरो. डोळ्यांतलं पाणी तेवढं सदाचं असावं, मला ओळखीचं वाटलं.

मग मागून एकजण म्हणाला, "सदाकाका, तू कुठं हायस रं?"

सदा उठला. "ह्यो ऱ्हाऊ दे. जुना लाव गणराज. जुन्यात हाय मी. बोट दावतो."

जुना पिक्चरही तिथेच होता. नवा पिक्चर दाखवणाऱ्या कंपनीने तोही धुऊन-पुसून, रंग उजळून टाकला होता. गणराजने नेमका तो सीन काढला. सदा टीव्हीजवळ गेला, भिंतीला धरून डावा पाय वर केला. लांडगा ओल्या वाळूतून धावत आला, पंजा निघाला, पाय दिसला. गणराजने तिथेच थांबवलं.

पाच बोटं.

नीट, सरळ, गोरीगोमटी पाच बोटं. कोणीतरी एसीत बसून ते सहावं बोट चूक समजून पुसून टाकलं होतं.

सदाने टीव्हीतल्या पायाकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे. हसलं कोणी नाही, ते हसले असते तर बरं झालं असतं. केसर पुढे झाली, तिने खाली वाकून त्याचं ते बोट मुठीत धरलं. "हितं हाय," ती म्हणाली. "चल घरा."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. घासूनपुसून नव्या करू नका, नुसत्या जपा. डाग असेल तर राहू द्या, तो कोणाचा तरी असतो. आणि कोणी 'जगाला कळलंच पाहिजे' म्हणून मिठी मारली, तर आधी त्याचे गॉगल मोजा.

शिमग्याला आमच्याकडे सोंगं निघतात. यंदा सदाने मला वलांडीवरून उतरवलं, तेव्हा चिखलातून काढून परत शिवलेला डावा पंजा कोयत्याने कापून टाकला आणि मला अंगात घातलं. आम्ही जेट्टीपासून देवळापर्यंत धावलो, उघडा पाय वर उचलून, सहाही बोटं दाखवत. मांजरं मागे होतीच. बायका किंचाळल्या, पोरं रडली, एकाची चड्डी ओली झालेली मी स्वतः पाहिली. लोकांनी 'सदाकाका, सदाकाका' करून गाव डोक्यावर घेतलं. गणराजने माईकवरून सोंगांचं पहिलं बक्षीस सदाला जाहीर केलं आणि ट्रॉफीवर तिथल्या तिथे मार्करने लिहून दिलं.

'उत्कृष्ट अस्वल.'

केसरने मला परत वलांडीवर टांगलं आणि ट्रॉफी दुसऱ्या टोकाला. ती उन्हात चमकते. कावळे तिला घाबरतात.