सोसायटीमागची लाईन

रिटायर झाल्यावर पंढरीनाथ साळवी लालबागची खोली विकून बायकोला, शैलाला घेऊन हाटकेशला राहायला आले आणि दोन वर्षांत सोसायटीचे चेअरमन झाले. मुलगा नीरज एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर, मुक्काम बोईसरला. सोसायटीत त्याला कुणी ओळखत नव्हतं.

सोसायटीच्या मागून विजेची उच्च दाबाची लाईन जाणार असं कळलं आणि विरोधाची पहिली सही पंढरीनाथांनी केली. काम नीरजच्या कंपनीकडे होतं. ते त्यांनी फक्त शैलाला सांगितलं.

रहिवाशांना समजावायला कंपनीने नेमकं नीरजलाच पाठवलं. तारा इमारतीपासून नियमापेक्षा लांब आहेत, असं तो सांगत होता. मध्येच रहिवाशांपैकी ईश्वरभाई उठले.

"आपकी फॅमिली को रखोगे इधर?"

नीरजने वडिलांकडे पाहिलं. ते टेबलावरचा पेन फिरवत होते.

"इधरही रहती है," नीरज म्हणाला. "चेअरमनसाहेब माझे वडील आहेत."

मीटिंग तिथेच मोडली. त्यानंतर साळवी लिफ्टमध्ये शिरले की बाकीच्यांचं बोलणं बंद पडायला लागलं. शैलाला भाजीवाल्यापाशीही ते जाणवायचं.

तारा ओढायचं काम सुरू झालं त्या सकाळी रहिवासी मशीनसमोर जाऊन बसले. पंढरीनाथ सगळ्यांत पुढे. मशीन थांबली. अर्धी ओढलेली तार दोन टॉवरांमध्ये तशीच राहिली.

नीरज हेल्मेट काढून वडिलांसमोर आला.

"बाबा, वर चार माणसं आहेत. तार बांधून झाल्याशिवाय त्यांना खाली घेता येत नाही."

"काम बंद कर, मग उठतो."

"उद्या बंद करा. कोर्टात जा. आत्ता वर बघा जरा."

पंढरीनाथांनी वर पाहिलं. इतक्या उंचीवर चेहरा दिसत नव्हता. एकाने खांद्यावरचा पट्टा सरकवला आणि पुन्हा लोखंडाला धरलं. ऊन चढलं होतं.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चला, बाजूला व्हा," मागच्यांना म्हणाले. कुणी हललं नाही, तेव्हा त्यांनी ईश्वरभाईंचा दंड धरला. "ईश्वरभाई, ऊपर आदमी है. उठिए."

ईश्वरभाई उठले, पण हात झटकून. हळूहळू बाकीचेही उठले.

संध्याकाळी नीरजचा फोन आला. शैलाने तो नवऱ्याकडे दिला.

"उतरले सगळे?" पंढरीनाथांनी विचारलं.

"उतरले. एकाला चक्कर आली होती, आता ठीक आहे."

पुढच्या सभेत मुलासाठी सोसायटी विकली, असं एकजण तोंडावर बोलला. चेअरमनपद ईश्वरभाईंकडे गेलं. सोसायटी कोर्टात गेली, पण कोर्टाने स्थगिती दिली नाही आणि लाईन सुरू झाली.

गणपतीत नीरज घरी आला. जेवताना पंढरीनाथ म्हणाले, "लाईन इथून जायला नको होती. माझं अजून तेच म्हणणं आहे."

"माहितीये मला," नीरज म्हणाला.

शैलाने त्याला आणखी एक मोदक वाढला.