बन्सीधररावांच्या भिंतीवरची चिंच

दिवाळीच्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला चिंचेपाशी पोचली, तेव्हा झाडाच्या बुडातून धूर निघत होता.

आधी तिला वाटलं, धुई असेल. कालवा जवळ असल्यामुळे कार्तिकात त्या वळणावर सकाळी धुई असायचीच. पण स्कूटी कडेला लावून ती दोन पावलं पुढे गेली आणि वास आला. ओलं लाकूड आतल्या आत जळताना येतो तसा, घशात बसणारा वास. झाडाच्या शेताकडच्या बाजूला, मुळाशी, हातभर ढोली होती. तिच्यात कुणीतरी तुराट्या आणि ज्वारीची धसकटं ठासून भरली होती आणि ती पेटवून दिली होती. जाळ विझला होता, पण आतलं लाकूड निखाऱ्यासारखं धुमसत होतं.

पंचफुलानं खांद्यावरची पिशवी रस्त्यावर टाकली. तिच्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, एक प्यायची आणि एक रंगांची. दोन्ही तिनं ढोलीत रिकाम्या केल्या. चर्र झालं, राखेचा लोट तोंडावर आला, आणि थोड्या वेळानं धूर पुन्हा सुरू झाला.

पंचफुला परभणीत एका शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा धम्मपाल रेल्वेत पॉइंट्समन होता, म्हणून बिऱ्हाड पिंगळीत स्टेशनाजवळ. वर्षभर ती मुलांकडून फुलदाण्या आणि आकाशकंदील काढून घ्यायची. पण दिवाळी ते दत्तजयंती हा काळ तिचा स्वतःचा. पावसाळ्यात सगळं एकाच हिरव्या रंगात बुडून जायचं, उन्हाळ्यात सगळं पांढरं पडायचं. मधल्या या महिना-दीड महिन्यातच काळ्या रानाचे खरे रंग दिसतात, असं तिचं म्हणणं होतं. तूर पिवळी झालेली, कापूस फुटलेला, बांधावरची कुसळी वाळून तांबूस झालेली, आणि उन्हाची धार कमी झाल्यामुळे प्रत्येक गोष्टीला आपली सावली असलेली. अकरा वर्षं ती या एकाच रस्त्यावरची झाडं काढत आली होती. आधी चौदा होती. आता दहा उरली होती. गेलेल्या चारांबद्दल तिला वाटत आलं होतं की ती म्हातारी होऊन पडली. आज पहिल्यांदा तिला कळलं की झाडं पडली नव्हती.

समोरच्या शेतात रंगनाथमामा कापसाच्या ओळीत वाकलेले होते. ते त्या शेताचे मालक बन्सीधरराव यांच्याकडे सालानं कामाला होते, आणि इतक्या वर्षांत तिला ओळखायला लागले होते.

"मामा, हे कोणी केलं?"

मामांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "मॅडम, मला कशाला इचारायलाव?"

"तुमी इथंच असता म्हणून इचारायले."

"मालकानं सांगितलं. चिंचेखाली काई येत न्हाई, कापसाची चार तासं वाया जायलेत म्हणले." ते खाली बघून बोंड वेचत राहिले. "मी तुराट्या टाकल्या. काडी मालकानं लावली. घागर हाय तिथं बांधावर, घ्या."

तिनं घागर घेतली. कालव्यापासून झाडापर्यंत सात खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मामाही दुसरी घागर घेऊन आले. धूर थांबला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि तिच्या साडीचा काठ राखेनं चिकट झाला होता. त्या दिवशी तिनं चित्र काढलं नाही.

*

सगळ्यात जास्त राग तिला याचा आला, की याच चिंचेचं चित्र बन्सीधररावांच्या बैठकीत लावलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी गावात नवं घर बांधलं. ते तिच्या शाळेच्या समितीवर होते. शाळेच्या प्रदर्शनात त्यांनी तिचं काम बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ही तर आमची चिंच!" तिला भरून आलं होतं. या रस्त्यानं हजार माणसं जातात, पण झाड ओळखणारा हा पहिलाच. वास्तुशांतीला तिनं ते चित्र त्यांना भेट दिलं. तीन फुटी कॅनव्हास, दोन महिन्यांचं काम. ते त्यांनी दिवाणाच्या वर लावलं. तेव्हा सगळ्या पाहुण्यांना चहा कपबशीतून आला आणि तिला आणि धम्मपालला वापरून फेकायच्या कागदी कपातून. घरी येताना धम्मपाल म्हणाला होता, "पाह्यलंस ना?" आणि ती म्हणाली होती, "जाऊ द्या, चित्र तर भिंतीवर लागलं."

आता ते वाक्य आठवून तिला स्वतःचाही राग यायला लागला.

ती दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेली. बन्सीधरराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"या मॅडम. काय काम काढलंत?"

"तुमच्या शेताकडची चिंच पेटवली कोणी?"

ते हसले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. "अहो, ती आमच्या रानावर सावली धरायली. किती वर्षं सोसायचं? आन झाड आमचं न्हाई, सरकारचं. पडलं तर सरकारचं पडंल."

"ते पडणार न्हाई. तुमी पाडायलाव."

"तुमी खामखा मनाला लावून घ्यायलाव. तुमच्याकडं चित्रं हायेत की इतकी. आमच्या भिंतीवर तर कायमचं हाय ते झाड." आणि आत बघून बायकोला हाक मारली, "तानुबाई, चहा टाक मॅडमला."

"चहा नको," असं म्हणून ती उठली. स्कूटी सुरू करून ती निघून गेली.

*

मग तिनं कायद्यानं जायचं ठरवलं. रस्त्याची झाडं ज्या खात्याकडे होती, तिथं अर्ज दिला, सोबत फोटो जोडले. टेबलामागच्या बाबूनं अर्ज वाचला.

"झाड तुमचं हाय का?"

"सरकारचं आहे."

"मग शेत तुमचं?"

"नाही."

"मग तुमचा संबंध काय?"

"मी ते झाड अकरा वर्षं काढते. चित्र."

त्यानं शेजारच्या माणसाकडे बघितलं, शेजारच्यानं त्याच्याकडे. अर्जावर शिक्का पडला.

पुढचे तीन आठवडे ती रोज सकाळी झाडापाशी जायची. शाळा सुरू झाली तरी आधी तिकडे एक चक्कर. दोनदा पुन्हा धूर दिसला, दोन्ही वेळा तिनं पाणी ओतलं. एकदा ढोलीतली धसकटं तिनं हातानं ओढून काढली आणि शेताच्या मधोमध नेऊन टाकली. ती चित्रंही काढत होती, पण ती बिघडायला लागली होती. पूर्वी ती फांद्यांची जाळी पातळ रंगानं, श्वास रोखून उतरवायची. आता हात दाबला जायचा, कागद खरवडला जायचा, चिंचेची बारीक पानं काळ्या ठिपक्यांचा थवा होऊन जायची. एक दिवस तिनं चार कागद फाडले. घरी धम्मपालनं ते तुकडे बघितले.

"पंचफुला, हे चित्र हाय का भांडण?"

"मला दोन्ही एकच वाटायलंय आता," ती म्हणाली.

शाळेत राजेश्री नावाची तिची सहकारी होती, मनानं चांगली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अगं, त्याच झाडाचा कोळसा घे ना! त्याच कोळशानं त्याचं चित्र काढ. किती सुंदर कल्पना आहे."

"राजेश्री, पुन्हा असं बोलू नकोस," पंचफुला म्हणाली. आवाज इतका चढला होता की खोलीतले बाकीचे शिक्षक वळून बघायला लागले. "झाड मरतंय तिकडे. मला त्यातून सुंदर काही नकोय."

मार्गशीर्ष लागला आणि खात्याचा माणूस खरंच आला. ढोली बघितली, बुंध्यावर मूठ आपटून बघितली, काहीतरी लिहून घेतलं. आठ दिवसांनी पंचफुला गेली तर यांत्रिक करवतीचा आवाज लांबूनच येत होता. झाड आडवं पडलं होतं. हिरव्या कोवळ्या चिंचा रस्ताभर सांडल्या होत्या आणि त्यांच्यावरून ट्रॅक्टर मागं-पुढं होत होता.

"कोणी सांगितलं तोडायला?" तिनं विचारलं.

करवतवाल्यानं खिशातून कागद काढून दाखवला. झाड बुडातून जळाल्यानं धोकादायक, वाहतुकीस अडथळा होण्याची शक्यता, सबब तोडावे. संदर्भ म्हणून वर तिच्याच अर्जाचा क्रमांक होता.

तिनं तो क्रमांक तीनदा वाचला. मग ती रस्त्याच्या कडेला बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. 

*

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती बन्सीधररावांच्या घरी गेली. खांद्यावर रंगांची पिशवी होती. चित्र परत मागायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

बैठकीत पाहुणे होते. थोरल्या मुलाच्या, हरिओमच्या, सोयरिकीची बोलणी चालली होती. पाच-सहा माणसं, पोह्यांच्या ताटल्या. बन्सीधररावांचा चेहरा क्षणभर आवळला, पण पाहुण्यांसमोर ते लगेच मोठेपणानं बोलू लागले.

"या या. ह्याच त्या मॅडम बरं का, हे चित्र काढणाऱ्या. आमच्या शेताकडची चिंच हाय ती."

एक वयस्कर पाहुणे चष्मा वर करून चित्राजवळ गेले. "वा. जिवंत वाटायलंय. कुठं हाय हे झाड? जाताना बघू."

"होतं," बन्सीधरराव हळहळत म्हणाले. "सरकारनं तोडलं बघा. आमी लय सांगून पाह्यलं. कोण ऐकतंय?"

पंचफुला दारात चपला काढून उभी होती. ती दोन पावलांत दिवाणापाशी गेली आणि दिवाणावर चढली. पिशवीतून काळ्या रंगाची ट्यूब काढली, तळहातावर पिळली आणि चित्रातल्या बुंध्याच्या मुळाशी, नेमकी जिथं ढोली होती तिथं, अंगठ्यानं रंग दाबायला सुरुवात केली.

"मॅडम! काय करायलाव?"

"चित्र जुनं झालंय. दुरुस्त करायले."

ढोली काळी झाली. तिथून वर सालीवर चढलेली काजळी तिनं चार बोटांनी ओढली. तिनं ती रोज बघितली होती, शोधावं लागलं नाही. मग उजव्या बाजूच्या तीन फांद्या, ज्या सगळ्यात आधी वाळल्या होत्या. त्यांच्यावरची पानं तिनं एकेक करून काळ्या रंगाखाली झाकली. 

"ह्या ढोलीत तुराट्या घातल्या," ती पाहुण्यांकडे न बघता सांगत होती. "दिवाळीच्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी. पुन्हा आठवड्यानं. पुन्हा पंधरवड्यानं. काडी लावणारे इथंच बसलेत. सरकार नंतर आलं."

"खाली उतर!" बन्सीधररावांच्या तोंडचं मॅडम गेलं होतं, तुमी गेलं होतं. "माझ्या घरात येऊन माझी इज्जत काढायली? लायकी बघ आपली!"

ती वळली. "हे ऐकायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी कागदी कपातूनच कळायला पायजे होतं. माझी लायकी ही हाय, बन्सीधरराव. तुमी काय केलं ते मला दिसतंय आणि मला ते काढता येतंय."

ती खाली उतरली. हरिओम चित्र उतरवायला दिवाणाकडे धावला, तेवढ्यात आतल्या दारातून तानुबाई बाहेर आल्या. पदर डोक्यावर, हातात पाण्याचा तांब्या.

"हात लावू नको त्याला," त्या मुलाला म्हणाल्या.

"तू आत जा," बन्सीधरराव ओरडले.

"न्हाई जात. धुळीच्या पायानं माझ्या दिवाणावर चढली ही बाई, त्याचा मला लय राग आलाय." त्यांनी पंचफुलाकडे खरंच रागानं बघितलं. "पण तीस वर्षं त्या चिंचेखाली भाकर खाल्ली मी. हरिओमची झोळी त्याच फांदीला बांधली होती. मला एका शब्दानं इचारलं न्हाई कुणी. राहू द्या ते तिथं."

पंचफुला चपला घालून निघाली. कुणी अडवलं नाही.

*

सोयरीक मोडली नाही, हे तिला नंतर रंगनाथमामांकडून कळलं. लग्नाची तारीखही निघाली. चित्र आठवडाभर भिंतीवर राहिलं, मग बन्सीधररावांनी उतरवलं. तानुबाईंनी ते उचलून नेलं आणि धान्याच्या खोलीत, कणगीवरच्या भिंतीला टांगलं. शाळेत तक्रार गेली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. तिनं एक ओळ लिहून दिली, "मी दिलेलं चित्र मी खरं केलं," आणि सही केली. वर्षभरासाठी समारंभाच्या फलकांचं काम तिच्याकडून काढून घेण्यात आलं. त्याचं तिला दुःख झालं नाही.

दत्तजयंती होऊन गेली तरी त्या वर्षी ती थांबली नाही. उरलेली नऊ झाडं तिनं एकामागून एक काढायला घेतली. हात अजूनही दाबला जात होता, पण आता ती कागद फाडत नव्हती. बुंध्यांना कुऱ्हाडीचे घाव होते, साली सोललेल्या होत्या, एकाच्या अंगात खिळे मारून फलक लावले होते. हे सगळं अकरा वर्षांत तिनं वगळलं होतं. चित्रात शोभत नाही म्हणून. आता ती तेच आधी काढायची, आणि प्रत्येक चित्राखाली झाडाची जागा, तारीख आणि शेजारच्या शेतमालकाचं नाव ठळक अक्षरात लिहायची.

कालव्याच्या पुढच्या कडुलिंबापाशी ती बसली असताना एक जण मोटारसायकल थांबवून तिच्या मागं येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"झाडाच्या चित्रावर नाव कशाला लिहायलाव?"

"कोणाच्या शेताशेजारी काय झालं, ते लक्षात राहावं म्हणून. हे शेत तुमचं का?"

 लिंबाच्या बुडाशी ताज्या पऱ्हाट्यांची मोळी ठेवलेली होती, तिच्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि पंचफुलाच्या कागदावर बघितलं. कागदावर ती मोळी स्पष्ट काढलेली होती.

"जळणासाठी ठेवली व्हती," तो म्हणाला.

"मग घरी न्या."

 मग त्यानं वाकून मोळी उचलली, मोटारसायकलच्या मागं बांधली आणि गाडी सुरू केली. पंचफुलानं त्याला नाव विचारलं. ते न सांगताच तो निघून गेला. तिनं गाडीचा नंबर लिहून घेतला.