सातव्या कलमातला शब्द

जर्मन कंपनीकडून आलेल्या केलरने कपात चमचाभर साखर घातली आणि पौर्णिमाने आपला कप खाली ठेवला.

आत्ताच तर तो जर्मनमध्ये म्हणाला होता, "मी ग्रुंडझेत्झलिश साखर घेत नाही." आणि अकोल्याच्या चहाला अपवाद म्हणून घेतलीही!

सरकीच्या यंत्राच्या खरेदीचा जर्मन करार पौर्णिमानेच अमरावतीत बसून इंग्रजीत आणला होता. सातव्या कलमात हाच शब्द होता. बोलण्याच्या भरात त्याचा अर्थ 'ठामपणे, अजिबात' असाही होतो. करारात मात्र 'सहसा, अपवाद सोडून'. बिघाडाचा भार केलरची कंपनी सहसा उचलील, असं मूळ वाक्य. तिने लिहिलं होतं, 'प्रत्येक वेळी'. वाद झालाच, तर इंग्रजी प्रत खरी धरायची होती, आणि तिच्यावर अनुवादक म्हणून पौर्णिमाचा सही-शिक्का होता.

समोर उत्तमराव बसले होते. नात्याने भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि यंत्र घेणाऱ्या कारखान्याचे मालक. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"भाऊ," ती पुटपुटली, "एक शब्द चुकला माह्या हातून."

"नुकसान कोनाचं?"

"त्यांचं."

उत्तमरावांनी करार केलरपुढे सरकवला. "मंग बस न गुपचूप. त्यायले काय समजते!"

"पन भाऊ, सही माही हाये..."

"घरचं मानूस म्हून काम देल्लं तुले. ध्यानात ठेव."

ते हसतच बोलले, पाहुण्याला कळू नये म्हणून. केलर सही करायला वाकला. तिला वाटलं, आता आवाज फुटायचाच नाही. पण फुटला, चिरका, तिचा तिलाच अनोळखी. जर्मनमध्ये तिने चूक सांगून टाकली.

केलर थांबला. त्याने सातवं कलम वाचलं, मग पुन्हा वाचलं. उत्तमरावांकडे पाहत त्याने शांतपणे काहीतरी विचारलं.

"काय म्हन्ते तो?"

पौर्णिमा खालच्या आवाजात म्हणाली, "तुमाले हे आधी मालूम होतं का, असं इचारून राहिले."

उत्तमरावांनी तोंडावरून हात फिरवला. आता ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती जर्मनमध्ये काय सांगेल, हे कळायला त्यांच्याकडे काहीच मार्ग नव्हता.

"सांग त्याले," ते शेवटी म्हणाले, "आत्ताच सांगतलं तुनं मले. अन् मी... मी गुपचूप बस म्हनलो."

पौर्णिमाने सगळं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"बराबर सांगतलं न?" उत्तमरावांनी हळूच विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

केलरने दुरुस्ती लिहायला कोरा कागद मागितला. पौर्णिमा उठू लागली, तर उत्तमराव म्हणाले,

"तू बस."

आणि कागद आणायला ते स्वतः उठले.