कळीची चव

रोझानला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. ती उठे, रस आटवायच्या खोपटाच्या दाराशी जाई, वर बघे. मेपलच्या झाडांच्या फांद्यांची टोकं लालसर दिसू लागली होती. कळ्या फुगल्या की झाडाचा रस बिघडतो. त्या रसाच्या पाकाला अशी चव येते, की एक बादली सबंध पिंपाचा नास करते. बोस परगण्यातल्या त्या टेकडीवर कोणता पाक ठेवायचा नि कोणता फेकायचा, हे चाळीस वर्षं रोझानचं नाक ठरवत आलं होतं.

आणि नाताळातल्या तापापासून त्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता. जिभेला गोड तेवढं कळे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

धाकट्या भावाने, ओदिलोंने, काहिलीतून पळी उचलली. पाक धार न धरता कडेवरून पडद्यासारखा ओघळला.

"झाला गं ताई. कर निवाडा."

"एवढी घाई कसली?"

"करपला तर तुझ्याच डोक्यावर ओतीन! मोद, आत्याला चमचा दे. याच नाकाने तीन नवरदेव नाकारले, पाकाची काय कथा!"

ओदिलोंची मुलगी मोद हसत चमचा घेऊन आली. रोझानने फुंकर मारून चाखलं. गोड. नुसतं गोड. गेले तीन आठवडे ती अशीच डोळे मिटून मान डोलावत आली होती. पण तेव्हा बर्फ कडक होतं, कळ्या मिटलेल्या होत्या.

"चांगला आहे," ती म्हणाली.

ओदिलोंने पाक बादलीत काढला, पिंपाचं झाकण उघडलं. भरलेली बादली तिरपी झाली.

"थांब! ओतू नकोस. मला वास येत नाही रे."

"सर्दी झालीय?"

"नाताळपासून येत नाही."

त्याने बादली खाली ठेवली. "मग ही सगळी पिंपं?"

"अंदाजाने."

"अंदाजाने!" त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. स्वतः चाखावं, तर पाइप ओढून ओढून त्याच्या जिभेचं कातडं झालेलं.

मोदने बादलीत चमचा बुडवला. "आत्या, पण कळीची चव लागते कशी? तू तोंड वाकडं करायचीस नि आम्ही फेकायचो."

रोझानला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "उकडलेला कोबी झाकून ठेवला की... नाही, तसं नाही. आधी चॉकलेटसारखी. बरी वाटते, फसवते. गिळल्यावर मात्र मागे घशात... शेगडीवर ओले मोजे वाळत घातलेत ना, तशी."

मोदने चाखलं, गिळलं. थांबली. मग तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं, अगदी आत्यासारखं.

"मोजे," ती म्हणाली.

ओदिलोंने बादली बाहेर बर्फावर रिती केली. परत येऊन म्हणाला, "बस आता, ताई. उभी का?"

रोझान शेजारच्या भरलेल्या पिंपाचं झाकण ओढत होती. झाकण निघत नव्हतं.

"हे कालचं," ती म्हणाली. "मोद, चमचा धुऊन आण."