गोठ्याच्या बोलीतलं स्तोत्र

माझे सासरे श्यूर आमच्या चर्चमध्ये स्तोत्रं सुरू करून देत. वाजवायला पेटी नव्हती. श्यूर उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि पहिला सूर लावायचे. मग खाडीकाठची सगळी माणसं त्या सुरामागून चालू लागायची. पुस्तक अर्थातच डॅनिश. बायबल डॅनिश, शाळेतले धडे डॅनिश, जमिनीचे कागदसुद्धा डॅनिशच. डेन्मार्कच्या राजाचं आमच्यावरचं राज्य जाऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या, तरी त्याची भाषा पुस्तकांत ठाण मांडून बसली होती. घरात, होडीत, गोठ्यात आम्ही बोलायचो ती आमची बोली. ती लिहिताही येईल, हे आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात शेजारच्या शेतावरचा आइविन मास्तरकीचं शिक्षण संपवून परत आला. एका दुपारी आमच्याकडे बायका लोकर पिंजायला जमल्या होत्या, तेव्हा तो बर्फ झटकत आत शिरला. त्याच्या हातात एक पातळसं पुस्तक होतं.

"स्तोत्रं आहेत," तो म्हणाला. "आपल्या बोलीत. छापलेली."

"आपल्या?" सासरे कोपऱ्यात वल्ह्याला रंधा मारत होते, ते थांबले. "गोठ्यात बोलतो ते शब्द वेदीसमोर न्यायचे? मग शेणाची पाटीपण घेऊन जा की!"

बायका खोखो हसल्या.

"येशू कुठे जन्मला, श्यूरकाका?"

"जन्मला गोठ्यात. पण तिथेच मुक्काम ठोकून राहिला का?"

आइविनही हसला. पण बसला तो बोलतच राहिला. म्हणाला, फार पूर्वी इथली माणसं लाकडाच्या कांबीवर अक्षरं कोरायची. कुणी बायकोला निरोप धाडायचा, कुणी देवाला. राजांच्या आणि भांडखोर शेतकऱ्यांच्या लांबच लांब कथा आपल्याच भाषेत वासराच्या कातड्यावर उतरवल्या जायच्या. मग मोठी मरी आली. लिहिणारे मेले, वाचणारे मेले, राज्य डेन्मार्ककडे गेलं आणि लेखणीही गेली. शब्द तेवढे उरले, आया-आज्यांच्या तोंडात. आणि आता आपल्याच काळात, कुणा शेतकऱ्याचा पोरगा खोऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडून ते शब्द वेचत गेला.

"असा एकजण माझ्या आईकडे आला होता," शेजारची गूरी म्हणाली. "ताकाला काय म्हणता, दह्याला काय म्हणता, विचारत बसला. आईला वाटलं, बिचाऱ्याने दही कधी पाहिलेलं दिसत नाही. वाडगाभर दिलं."

हशा ओसरल्यावर आइविनने पुस्तक उघडलं आणि वाचलं:

"सकाळ उतरली कड्यावरून,
कोकरू हाक मारतंय आईला;
तशीच माझी हाक आहे, देवा,
दार नुसतं लोटून ठेव."

'कोकरू'ला आमचा शब्द आला, आम्ही उंबऱ्यावर उभ्या राहून ओरडतो तोच, आणि गूरी पुन्हा फिसकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. माझ्या सासूबाईंच्या, ब्रीताबाईंच्या हातातल्या पिंजण्या थांबल्या होत्या. त्यांचे हात थांबलेले मी तोवर पाहिलेच नव्हते.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

त्याने वाचलं.

"छापलंय खरंच? की तू मनाचं घालतोयस?"

आइविनने पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी लोकरीचं तेल लागलेलं बोट कमरेच्या फडक्याला पुसलं आणि एकेका अक्षरावरून नेलं, वासराच्या कपाळावरून न्यावं तसं. कोकरूपाशी बोट थांबलं.

"म्हणजे त्याला आपलं कळतं?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

"कुणाला, आई?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं वर पाहिलं. मग आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. पंधराव्या वर्षी गावातल्या सगळ्या मुलांबरोबर त्यांचीही चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर, धर्माची परीक्षा झाली होती. पाद्रींनी विचारलं, कृपा म्हणजे काय? पाठ केलेलं डॅनिश उत्तर त्यांना आठवेना. पण त्यांना ते माहीत होतं. म्हणून आपल्या बोलीत म्हणाल्या, वाट चुकलेली मेंढी परत आली, की तिला न मारता मीठ चाटवायचं. अख्खं चर्च हसलं. पाद्री म्हणाले, हे उत्तर नव्हे. आणि त्यांना मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं.

"तेव्हापासून मी प्रार्थना केली नाही," त्या म्हणाल्या. "वाटलं, त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. मी जाऊन नुसती बसायचे. तेवढं चालत असेल असं वाटायचं."

"मला कधी बोलली नाहीस," सासरे म्हणाले.

"तुम्हाला काय सांगायचं? रांगेत पहिले तुम्हीच तर उभे होता. आणि तुम्हीपण हसलात."

सासऱ्यांनी रंधा खाली ठेवला, टोपी घेतली आणि ते होडीघराकडे निघून गेले.

पुढच्या महिन्यात गावाची बैठक भरली. नवं पुस्तक घ्यायचं की नाही, यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, आपला बाप ज्या भाषेत पुरला, तीच बरी. हात वर करायची वेळ आली, तेव्हा सासऱ्यांचा हात पुस्तकाच्या बाजूने वर गेला, आणि त्यांच्या मागून आणखी बरेच.

ईस्टरच्या रविवारी नव्या पुस्तकातलं ते कोकराचं स्तोत्र सुरू करायला सासरे उभे राहिले. चाल जुनीच घेतली होती, उन्हाळ्यात डोंगरातल्या गोठ्यांवर पोरी गुरांना बोलावताना म्हणतात ती. पहिली ओळ त्यांनी गायली. दुसऱ्या ओळीला आवाज अडला. जन्मभर स्तोत्रं म्हटलेला माणूस, पण शब्द असे थेट अंगावर कधी आले नसावेत.

आणि बायकांच्या बाकांतून एक आवाज उठला. जाड, खरखरीत, जरा खालच्या पट्टीतला. सासूबाई. त्या ताल सोडून, आपल्याच सवडीने गात होत्या. सासरे त्यांच्याकडे वळले, त्यांची पट्टी धरली, त्यांच्याइतकेच संथ झाले; मग सगळं चर्चच संथ झालं. तेच लाकडी खांब, तीच माणसं, त्यांच्या अंगाला तोच धुराचा नि माशांचा वास. पण वाटत होतं, की छत कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलंय आणि वर कुणीतरी कान देऊन ऐकतंय. पाद्रीबुवा हातातलं पुस्तक मिटून उभे होते.

एरवी चर्चबाहेर बर्फ, गवत, हेरिंग माशांचा भाव असल्या गप्पांना ऊत यायचा. त्या दिवशी माणसं सरळ आपापल्या होड्यांत चढली.

खाडीच्या मध्यावर आल्यावर सासूबाईंनी त्या स्तोत्राचं तिसरं कडवं पुन्हा सुरू केलं. सासरे वल्हवत होते.

"अगं, चर्च संपलं," ते म्हणाले.

"तुम्ही वल्हवा," त्या म्हणाल्या.

पुढच्या होडीतल्यांनी वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली. मग मागच्यांनीही. कड्याखाली एकेक होडी थांबत गेली, आणि ते कडवं संपेपर्यंत कुणीच पुढे गेलं नाही.